नानबाईचा मुलगा आणि आकाशातला नेजा : हकीम अली इब्न रिझवान

हिजरी ३९६, म्हणजे इसवी सन १००६. एप्रिल संपत आला होता. इजिप्तमधल्या फुस्तात आणि कैरो या जुळ्या शहरांत मगरिबची नमाज आटोपून लोक घरी निघाले असतील, तेव्हा आग्नेय दिशेला, क्षितिजाच्या जरा वर, त्यांना एक तारा दिसला. तो कालपर्यंत तिथे नव्हता. शुक्रापेक्षा मोठा, गोल, सारखा लुकलुकणारा, आणि उजेड इतका की त्या बाजूचं आकाश फाकलेलं दिसत होतं.

ते पाहणाऱ्या हजारो लोकांमध्ये एक अठरा वर्षांचा मुलगा होता. बाप नानबाई, भट्टीवर रोट्या भाजून पोट भरणारा. मुलाच्या खिशात उस्तादांची फी द्यायला पैसे नव्हते. पण जे पाहिलं ते त्याने नीट पाहिलं, लक्षात ठेवलं, आणि पुढे कागदावर उतरवलं. आज एक हजार वर्षांनंतर जपान, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि युरोपातले खगोलशास्त्रज्ञ त्या ताऱ्याचा अभ्यास करताना या मुलाचं नाव घेतात.

त्याचं नाव अली इब्न रिदवान. आपण उर्दूत रिझवान म्हणतो, म्हणून या लेखातही इब्न रिझवानच म्हणूया. इब्न सीना, अल-बिरूनी, इब्न अल-हैसम ही नावं आपल्या घरांत माहीत आहेत. हे तिघेही इब्न रिझवान यांच्याच काळातले. पण इब्न रिझवान यांचं नाव आपल्या मुलांच्या कानावर फारसं पडत नाही. ते पडायला हवं, आणि ते केवळ अभिमानासाठी नाही. या माणसाच्या आयुष्यात आपल्यासाठी एक मोठा धडा आहे, आणि तो त्यांच्या बरोबर ठरलेल्या गोष्टींइतकाच त्यांच्या चुकलेल्या गोष्टींतही आहे.

गिझाचा मुलगा

इब्न रिझवान यांचा जन्म ९८८ साली गिझा इथे झाला. हो, तेच गिझा, जिथे पिरॅमिड आहेत. नाईल नदीच्या एका काठावर गिझा आणि पलीकडे राजधानी. इजिप्तवर तेव्हा फातिमी खलिफांचं राज्य होतं. अल-अझहर उभी राहून वीसेक वर्षंही झाली नव्हती.

आपल्या आयुष्याची हकीगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली. तेराव्या शतकातले दमास्कसचे हकीम इब्न अबी उसैबिआ यांनी तबीबांच्या चरित्रांचा जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात तिचा बराच भाग टिकून राहिला. त्यामुळे हजार वर्षांपूर्वीच्या एका गरीब विद्यार्थ्याने दिवस कसे काढले, हे आपल्याला त्याच्याकडूनच कळतं.

सहाव्या वर्षी शिक्षण सुरू झालं. दहाव्या वर्षी पोरगा नदी ओलांडून राजधानीत शिकायला आला. चौदाव्या वर्षी त्याने वैद्यक आणि तत्त्वज्ञान हातात घेतलं. त्या काळी हकीम व्हायचं तर एखाद्या नामवंत उस्तादाकडे वर्षानुवर्षं राहायचं, त्यांच्यासोबत रुग्ण पाहायचे, त्यांच्याकडून एकेक किताब वाचून घ्यायची आणि इजाजत मिळवायची. या सगळ्याला पैसा लागायचा. तो नव्हता.

मग अलीने काय केलं? कधी ज्योतिष सांगून चार दिरहम मिळवले, कधी कुणाला औषध दिलं, कधी मुलांना शिकवलं. चरित्रकार सांगतात की सुरुवातीला हा माणूस रस्त्याच्या कडेला बसून लोकांचं भविष्य सांगायचा. मिळालेल्या पैशांतून पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात जालीनूस म्हणजे गॅलेन, बुकरात म्हणजे हिपोक्रॅटिस आणि बतलिमूस म्हणजे टॉलेमी यांची अरबीत आलेली पुस्तकं वाचायची. उस्ताद परवडत नव्हते, म्हणून किताबांनाच उस्ताद केलं. पार्टटाइम काम करून कॉलेज शिकणारी आपल्या मोहल्ल्यातली मुलं आठवा, म्हणजे हा अली डोळ्यांसमोर येईल.

ही ओढाताण एकदोन वर्षांची नव्हती. वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत असंच चाललं. त्यानंतर कुठे हकीम म्हणून नाव झालं आणि घर नीट चालायला लागलं.

तो तारा

ताऱ्याची घटना या ओढाताणीच्या सुरुवातीची आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १००५ साली, खलिफा अल-हाकिम यांनी कैरोमध्ये दार अल-इल्म उघडलं होतं. तिथे मोठं ग्रंथालय होतं, कागद, शाई आणि लेखण्या मिळायच्या. इब्न यूनुस यांच्यासारखे नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ त्याच शहरात हयात होते. आकाश मोजणं ही त्या शहरात नवी गोष्ट नव्हती.

पुढे इब्न रिझवान यांनी टॉलेमीच्या ज्योतिषावरच्या ग्रंथाची शरह, म्हणजे भाष्य लिहिलं. त्यात एके ठिकाणी ते विषय थांबवून सांगतात की शिक्षणाच्या सुरुवातीच्या काळात आपण स्वतः एक अजब गोष्ट पाहिली होती. तिच्यासाठी ते नैझक हा शब्द वापरतात. नैझक म्हणजे छोटा भाला. मराठीत आपण नेजा म्हणतो, तो फारसीतून आलेला शब्द याच घराण्यातला. आकाशात अचानक पेटणाऱ्या गोष्टींना तेव्हा हा शब्द लावत असत.

आता त्यांनी काय काय नोंदवलं ते पाहा. तो वृश्चिक राशीच्या पंधराव्या अंशात होता. सूर्य त्या दिवशी बरोबर समोर, वृषभेच्या पंधराव्या अंशात होता. आकार गोल, शुक्राच्या अडीच ते तीन पट. उजेड चंद्राच्या चौथाईपेक्षा थोडा जास्त. लुकलुकणं फार. रोज बाकीच्या ताऱ्यांबरोबरच उगवायचा आणि मावळायचा, म्हणजे जागा सोडत नव्हता. सूर्य कन्या राशीत येऊन त्याच्यापासून साठ अंशांवर पोहोचेपर्यंत दिसत राहिला, मग एकदम दिसेनासा झाला. त्या दिवशी चंद्र आणि इतर ग्रह कोणत्या राशीत किती अंशांवर होते, तेही त्यांनी लिहिलं. शेवटी हेही सांगितलं की हे आपण स्वतः पाहिलं आहे आणि त्या वेळच्या इतर जाणकारांनीही असंच पाहिलं.

आमच्या विज्ञानाच्या तासाला प्रयोगवहीत मुलांकडून जे लिहून घ्यायला आम्ही शिक्षक घसा कोरडा करतो, ते सगळं इथे आहे. जागा, वेळ, आकार, तुलना, कालावधी, साक्षीदार. ग्रहांच्या त्या जागांवरून आजच्या संशोधकांनी हिशेब केला, तेव्हा तारीख आली ३० एप्रिल १००६.

तो तारा जगात इतरही ठिकाणी पाहिला गेला. चीनच्या सोंग दरबारात, जपानमध्ये आणि स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलेनच्या मठात त्याच्या नोंदी झाल्या. बगदादच्या इतिहासकारांनीही शाबान महिन्याच्या सुरुवातीला दिसलेल्या मोठ्या ताऱ्याचा उल्लेख केला आहे. इब्न सीना यांच्या किताब अल-शिफामध्ये एका नव्या ताऱ्याची ओझरती गोष्ट येते, ती याच ताऱ्याची असावी असं काही संशोधकांना वाटतं. पण त्या नव्या ताऱ्याची राशी, अंश आणि सोबत ग्रहांच्या जागा अशी पक्की नोंद नानबाईच्या मुलाने करून ठेवली होती.

जे पाहिलं आणि जे सांगितलं

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. इब्न रिझवान यांनी या ताऱ्याची नोंद केली ती ज्योतिषाच्या पुस्तकात. त्यांच्या मते तो अशुभ होता. त्या ताऱ्याच्या परिणामाने लढाया झाल्या, पाऊस गेला, धान्य महागलं, हजारो माणसं तलवारीने, भुकेने आणि रोगाने मेली, असं त्यांनी लिहून टाकलं.

त्यांना असं का वाटलं असेल, हे समजून घेतलं पाहिजे. त्याच काळात अबू रकवा नावाच्या माणसाने फातिमी सत्तेविरुद्ध मोठं बंड केलं होतं. १००६ च्या उन्हाळ्यात, तो तारा आकाशात असतानाच, बंडखोरांची फौज अलीच्या गिझापर्यंत येऊन धडकली. शहरात घबराट उडाली. ऑगस्टच्या अखेरीस फय्यूमजवळ त्या फौजेचा पराभव झाला, आणि साधारण त्याच सुमारास तारा मावळतीच्या उजेडात नाहीसा झाला. अठरा वर्षांच्या पोराने दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या. एकीचा दुसरीशी संबंध आहे असं त्याला वाटलं असेल, तर नवल नाही. आजही चंद्रग्रहणाच्या दिवशी मोबाईलवर काय काय फिरतं ते आपण बघतोच.

पण त्याच वेळी चीनमध्ये काय झालं ते ऐका. तिथल्या दरबारातले ज्योतिषी जोऊ केमिंग यांनी हाच तारा बादशाहासाठी अत्यंत शुभ असल्याचं सांगितलं. लोकांना आनंद साजरा करू द्यावा, असंही सुचवलं. एकच तारा कैरोमध्ये अशुभ आणि चीनमध्ये शुभ! मात्र तारा आकाशात कुठे होता आणि किती तेजस्वी होता, हे मोजलं तेव्हा दोन्हीकडचे आकडे एकमेकांशी जुळले. म्हणजे पाहिलेलं जुळलं, आणि लावलेला अर्थ जुळला नाही.

आपल्या दीनमध्ये तर ही शिकवण त्याच्याही चारशे वर्षं आधी आलेली होती. हजरत मुहम्मद (सल्ल.) यांचे लाडके पुत्र इब्राहीम यांचं निधन झालं, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले की या दुःखामुळेच सूर्य काळवंडला. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता, कारण त्यात त्याची थोरवीच वाढत होती. पण आप (सल्ल.) यांनी लोकांना तिथल्या तिथे समजावलं की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. इब्न रिझवान यांना हदीस ठाऊक नसेल असं नाही. पण पोटासाठी धरलेला धंदा आणि त्या काळचं प्रचलित ज्ञान, दोन्ही त्यांना दुसरीकडे ओढत होते.

हकीमांचे हकीम

वयाच्या तिशीनंतर दिवस पालटले. नाव पसरत गेलं आणि फातिमी दरबाराने त्यांना रईस अल-अतिब्बा, म्हणजे सगळ्या हकीमांचा प्रमुख नेमलं. ज्याला उस्ताद परवडला नाही, तो राजधानीतल्या वैद्यांचा सरदार झाला.

त्यांचं एक पुस्तक इजिप्तमधल्या आजारांवर आणि ते टाळण्याच्या उपायांवर आहे. ट्युनिशियाकडच्या इब्न अल-जझ्झार या हकीमांनी इजिप्तच्या हवेला नावं ठेवली होती, त्याला उत्तर म्हणून ते लिहिलं. पण उत्तर देताना त्यांनी आपल्या शहराची बाजूही झाकली नाही. फुस्तातच्या गल्ल्या अरुंद, घरं उंच, त्यामुळे हवा खेळत नाही. मेलेली जनावरं रस्त्यात टाकली जातात. घाण नाईलमध्ये सोडतात आणि तेच पाणी पितात. हम्मामांच्या भट्ट्यांचा धूर शहरावर साचून राहतो. हे वाचताना शहर कैरो आहे की आपलं, असा प्रश्न पडावा. जंतूंमुळे रोग होतात हे कळायला अजून आठशे वर्षं होती. तरी पाणी कसं गाळावं, उकळावं, खोल्या हवेशीर कशा ठेवाव्यात, याचे सल्ले त्यात आहेत.

हकीम कसा असावा, हेही त्यांनी लिहून ठेवलं. तब्येतीने धड आणि बुद्धीने तल्लख असावा. कपडे स्वच्छ असावेत. रुग्णाचं गुपित पोटात ठेवावं. फी मिळवण्यापेक्षा रुग्ण बरा करण्याची ओढ जास्त असावी, आणि श्रीमंतापेक्षा गरिबाच्या इलाजाची कळकळ अधिक असावी. जीवघेणं औषध कुणाला देऊ नये. शत्रू आजारी पडला तर त्यालाही मित्रासारखंच औषध द्यावं.

स्वतःची दिनचर्याही त्यांनी सांगितली आहे. शरीराला कसरत होईल इतकं रोजचं काम, मग आराम, साधं जेवण, गरजूंना मदत. उरलेल्या वेळात इबादत आणि जमीन-आसमानाच्या रचनेवर विचार. किताबं मोजकीच ठेवायची आणि तीच पुन्हा पुन्हा वाचायची.

किताब की उस्ताद?

इब्न रिझवान स्वभावाने गोड नव्हते. भांडखोर होते, हे चरित्रकार स्पष्ट सांगतात. आधीच्या मोठमोठ्या हकीमांच्या चुका काढताना त्यांची लेखणी फार तिखट होई. अर-राझी किंवा हुनैन इब्न इसहाक यांच्यासारख्यांनाही त्यांनी सोडलं नाही.

त्यांचा एक राग मात्र मला शिक्षक म्हणून अगदी पटतो. त्या काळी वैद्यकाचे विद्यार्थी गॅलेनचे मूळ ग्रंथ वाचायचं सोडून त्यांचे सारांश आणि चोपड्या पाठ करत आणि हकीम म्हणून मिरवत. इब्न रिझवान यांनी यावर एक आख्खं पुस्तक लिहून झोड उठवली. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांचं भांडण गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंचांशी होतं. मूळ पुस्तक वाचा, विचार करा, मग रुग्णाला हात लावा, असा त्यांचा आग्रह होता.

१०४९ च्या सुमारास बगदादहून इब्न बुतलान नावाचे ख्रिस्ती हकीम कैरोला आले. ते नामवंत उस्तादांकडे शिकलेले, बोलायला हजरजबाबी. दोघांचं जे वाजलं ते वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सुरुवात झाली कोंबडीचं पिल्लू आणि इतर पक्ष्यांची पिल्लं यांच्या शरीरातल्या उष्णतेवरून. पण खरा वाद वेगळाच होता : इल्म किताबातून येतं की उस्तादाकडून?

इब्न बुतलान यांचं म्हणणं असं की पुस्तक प्रश्नाला उत्तर देत नाही. लिहिणाऱ्याची चूक झाली, शब्दावरची नुक्ते इकडेतिकडे झाली, तर एकट्या वाचणाऱ्याला कळणार नाही. उस्ताद समोर असला तर शंका लगेच फिटते. इब्न रिझवान यांना हे झोंबणारच होतं, कारण त्यांचं सगळं आयुष्यच किताबांवर उभं होतं. दोघांनी एकमेकांविरुद्ध रिसाले लिहिले. पातळीही घसरली. इब्न रिझवान सावळे होते, दिसायला बरे नव्हते, त्यावरून इब्न बुतलान यांनी त्यांना जिन्नांची मगर असं नाव ठेवलं. त्यांनीही उलट लिहून दाखवलं की हकीम देखणा असण्याची काही गरज नसते. शेवटी इब्न बुतलान रागारागाने इजिप्त सोडून गेले.

बरोबर कोण होतं? शिक्षक असल्यामुळे मी इब्न बुतलान यांच्याच बाजूने बोलेन असं तुम्हाला वाटेल, आणि त्यांची गोष्ट खोटी नाहीच. उस्तादाची जागा पुस्तक घेऊ शकत नाही. पण ज्या मुलाला उस्ताद परवडत नाही, त्याने काय करायचं? इब्न रिझवान यांचं आयुष्य हे त्याचं उत्तर आहे. क्लासची फी नाही म्हणून दहावीनंतर गॅरेजवर किंवा दुकानात कायमचं बसवलेलं एखादं हुशार पोर दिसलं की मला हे उत्तर आठवतं.

शेवटचे दिवस

हिजरी ४४५, म्हणजे १०५३ च्या सुमारास इजिप्तमध्ये मोठी टंचाई आली. त्या दिवसांत इब्न रिझवान यांनी एका अनाथ मुलीला घरी आणलं आणि लेकीसारखं वाढवलं. इब्न अबी उसैबिआ सांगतात की एके दिवशी ती घरातल्या मौल्यवान वस्तू आणि जवळपास वीस हजार सोन्याचे दिनार घेऊन निघून गेली. तिचा पत्ता पुन्हा लागला नाही. हा धक्का त्यांना सोसला नाही. त्यानंतर त्यांचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. १०६१ च्या सुमारास त्यांचं निधन झालं.

कण कण करून जमवलेलं गेलं. जिला आधार दिला तीही गेली. कागदावर उतरवलेल्या त्या चार ओळी मात्र राहिल्या.

हजार वर्षांनी

त्यांची पुस्तकं लॅटिनमध्ये गेली आणि युरोपात हाली या नावाने वाचली गेली. गॅलेनवरची त्यांची शरह युरोपातल्या विद्यापीठांत शतकानुशतकं शिकवली जात होती. ज्योतिषावरची शरहही पंधराव्या शतकात व्हेनिसला छापली गेली. पण तिच्यातल्या ताऱ्याला जुन्या युरोपीय अभ्यासकांनी धूमकेतू समजून यादीत टाकून दिलं.

१९६५ साली अमेरिकन इतिहास-संशोधक बर्नार्ड गोल्डस्टीन यांनी अरबी मजकूर नीट तपासला आणि दाखवून दिलं की हा धूमकेतू नव्हता. धूमकेतू रोज जागा बदलतो, हा तर एकाच ठिकाणी थांबला होता. तो सुपरनोव्हा होता, म्हणजे मरताना स्फोट पावलेला तारा. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीने वृक तारकासमूहात त्या स्फोटाचे अवशेष ओळखले. आज खगोलशास्त्रात त्याचं नाव एसएन १००६. माणसाने नोंदवलेल्या सुपरनोव्हांमध्ये हा सगळ्यात तेजस्वी मानला जातो.

तो आपल्यापासून सुमारे सात हजार प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे तारा फुटला तो अलीच्या जन्माच्या सात हजार वर्षं आधी. तो उजेड इतकी वर्षं चालत होता आणि पोहोचला तेव्हा तो मुलगा आकाशाकडे बघत होता.

हा स्फोट कसला, हे समजायला एका भारतीय तरुणाची मदत झाली. १९३० साली सुब्रह्मण्यम चंद्रशेखर वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मुंबई बंदरातून बोटीने युरोपला निघाले. वाटेत त्यांनी श्वेत बटू ताऱ्यांचं गणित मांडलं. आपल्या सूर्यासारखा तारा इंधन संपल्यावर आकसतो आणि पृथ्वीएवढा घट्ट गोळा होऊन बसतो, तो श्वेत बटू. अशा ताऱ्याचं वजन सूर्याच्या सुमारे १.४ पटीपलीकडे गेलं तर तो स्वतःचा भार पेलू शकत नाही. हीच चंद्रशेखर मर्यादा. सोबतच्या ताऱ्याकडून वायू ओढून किंवा दुसऱ्या श्वेत बटूशी टक्कर होऊन तो या सीमेजवळ गेला, तर आतला कार्बन एकदम पेटतो आणि अख्खा तारा उडतो. १००६ चा तारा याच जातीचा. त्याच्या सोबतचा तारा शिल्लक आहे का, हे शास्त्रज्ञांनी शोधलं. २०१२ साली जाहीर झालेल्या शोधात तसा तारा सापडला नाही. म्हणून दोन श्वेत बटू एकमेकांवर आदळले असण्याची शक्यता जास्त वाटते. याच जातीच्या स्फोटांवरून दूरच्या आकाशगंगांची अंतरं मोजली जातात. विश्व वाढत्या वेगाने फैलावत आहे, हे १९९८ मध्ये कळलं तेही त्यांच्यावरूनच.

आणखी एक कोडं होतं. अवकाशातून प्रचंड ऊर्जेचे कण सतत पृथ्वीवर येत असतात. त्यांना वैश्विक किरण म्हणतात. व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली फुग्यातून वर जाऊन ते शोधले. पण त्या कणांना इतका वेग कोण देतं? १९९५ मध्ये जपानच्या आस्का उपग्रहाने एसएन १००६ च्या अवशेषांकडे क्ष-किरणांमधून पाहिलं. त्या पसरत्या कवचाच्या कडांवर इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळत असल्याचा पुरावा मिळाला. स्फोटाची लाट आजही सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने पुढे सरकते आहे आणि तीच या कणांना ढकलते. पुढे नामिबियातल्या दुर्बिणींना त्याच कडांवरून गॅमा किरण येताना दिसले. अगदी अलीकडे, २०२१ मध्ये सोडलेल्या आयएक्सपीई उपग्रहानेही त्याची ईशान्य कडा तपासली. दोनच कडा इतक्या का तळपतात, आणि तिथलं चुंबकीय क्षेत्र नेमकं काय करतं, यावर काम चालू आहे.

या सगळ्या अभ्यासाला एक गोष्ट लागते : स्फोटाचा उजेड पृथ्वीवर नेमका केव्हा पोहोचला? वय माहीत असेल तरच कवच किती वेगाने वाढलं याचा हिशेब लागतो. हे वय आपल्याला कळतं ते कैरो, चीन, जपान आणि बगदादमधल्या त्या जुन्या नोंदींमुळे.

आपल्यासाठी

मे-जूनमध्ये, ढग येण्याआधी, रात्री दहा-अकराच्या सुमारास गच्चीवर या आणि दक्षिणेकडे तोंड करा. डावीकडे वृश्चिक राशीचा विंचू ओळखता येईल. त्याच्या उजवीकडे, खाली, मंद ताऱ्यांचा एक पुंजका आहे, तो वृक. तिथे आज साध्या डोळ्यांना काही दिसणार नाही. पण ते अवशेष डोळ्यांना दिसले असते, तर पौर्णिमेच्या चंद्राएवढी त्यांची रुंदी भरली असती. ती जागा मुलांना दाखवा आणि नानबाईच्या पोराची गोष्ट सांगा.

सांगताना पूर्ण सांगा. त्यांनी तारा बरोबर पाहिला आणि त्याचा अर्थ चुकीचा लावला, हेही सांगा. आपल्या बुजुर्गांबद्दल मोबाईलवर फुगवून फिरणाऱ्या गोष्टींची आपल्याला गरज नाही. खरं आहे तेवढंच पुरेसं आहे. इब्न रिझवान यांचं भविष्य खोटं निघालं तरी त्यांची नोंद खरी राहिली, कारण जे डोळ्यांनी दिसलं ते लिहिताना त्यांनी त्यात आपल्या पदरचं काही मिसळलं नाही. ही सवय लागायला श्रीमंत बाप लागत नाही आणि महागडा क्लासही लागत नाही. एक वही आणि पेन घरात असतंच. आज रात्री मुलाला गच्चीवर न्या आणि जे दिसेल ते त्याच्या हाताने तारीख टाकून लिहू द्या.